न येऊन जाईल कुठं

"परत बोल."

"मी परत येणार आहे."

"कान लाल झाले तुझे."

सावलीने दोन्ही हात कानांवर दाबले आणि वैतागून माझ्याकडे पाहिलं. "आई, तुम्ही असं टक लावून बघितल्यावर कुणाचेही होतील."

"मी बघतेय म्हणून नाही. 'आहे' म्हणायच्या आधी तू आवंढा गिळतेस. मला ऐकू येतं, तर त्या मेल्याला येणार नाही होय? परत बोल."

ती परत बोलली, परत गिळलं. माझी ही सून बाकी सगळ्यात हुशार. पाइपाचा जोड नुसता चाचपून गळती कुठे आहे ते सांगायची. पण खोटं बोलायचं म्हटलं की पार ढ. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, भाजी कशी झालीय, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "खारट." तेव्हा मला तिचा राग आला होता. त्या दिवशी मात्र तिला धरून धोपटावं असं वाटत होतं, कारण खारट भाजीवर भागणार नव्हतं.

मेला म्हणजे नाक्यावरचा कान. पण आधी छपराचं सांगायला हवं.

आम्ही छपराखाली राहतो. सरकारी नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. मी तरुण असताना एकामागून एक वाईट उन्हाळे आले, गावंच्या गावं आडवी झाली, तेव्हा आम्हाला इथं आणलं. उन्हाळ्यापुरतं, असं सांगितलं होतं. आम्ही घरांना कुलपं लावून, किल्ल्या कनवटीला खोचून आलो. वर डोंगराएवढं छप्पर, खाली खोल्यांच्या ओळी, गार हवेचे झोत, नळाला ठरल्या वेळी पाणी. सुरुवातीला तर लोक हात जोडायचे. नियम साधा होता, उन्हाळा संपल्याचं जाहीर झालं की सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. ते जाहीर झालंच नाही. सरकारदरबारी अजून तोच उन्हाळा चालू आहे. मध्येच वर पत्र्यावर धो धो पाऊस वाजायचा आणि त्याच वेळी भोंग्यातून सूचना यायची की बाहेर तीव्र ऊन आहे, दाराजवळ जाऊ नये. अशा वेळी आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

बाहेर जायचे ते फक्त पाइपलाइनवरचे आणि सौर पॅनल पुसणारे. त्यांनी परत आलं पाहिजे म्हणून नाक्यावर कान बसवला. भिंतीत एक जाळी आणि वर दिवा. जाणाऱ्याने जाळीसमोर सांगायचं की मी परत येणार, मग घरातल्या एका जामिनाने सांगायचं की हो, येणार. बोलणं खरं असलं तर दिवा हिरवा. खोटं असलं तर लाल, आणि दोघांची रवानगी खालच्या पंपांवर राबायला. तिथून वर आलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. पूर्वी एक ठरलेलं वाक्य असायचं. लोकांनी ते पाढ्यांसारखं घोकून इतकं सपाट केलं की कानाला काही कळेना. मग हुकूम निघाला, स्वतःच्या शब्दांत सांगा.

सावलीला परत यायचं नव्हतं. मलाही ती परत यायला नको होती.

तिला दिवस गेले होते. माझ्या सुमेधचं मूल, आणि सुमेध नव्हता. नेहमीसारखा "येतो आई" म्हणून पाइपलाइनवरच्या पाळीवर गेला आणि त्याला झाकून आणलं. उन्हाने गेला, म्हणाले. त्याला शेवटची आंघोळ मी घातली. अंगावर उन्हाचा चट्टासुद्धा नव्हता. बुटांच्या तळाला ओला चिखल होता आणि त्या चिखलात हिरव्या गवताची काडी रुतलेली होती. तो कसा गेला ते मला आजतागायत माहीत नाही. पण बाहेर चिखल आहे, एवढं माझ्या लेकाने जाता जाता मला सांगितलं. त्याआधी एकदा हळूच बोललाही होता, "पाइपलाइन संपते ना आई, तिथून पलीकडे डोंगराच्या अंगाला सकाळी धूर दिसतो. वणव्याचा नाही. चुलींचा." चुलीचा धूर म्हणजे भाकरी, आणि भाकरी म्हणजे पाणी. एवढं कळायला शाळा लागत नाही.

आणि छपराचा नियम असा की छपराखाली जन्मलेलं मूल छपराचं. त्याला बाहेरची हवा सोसायची नाही म्हणे, म्हणून त्याला बाहेरची पाळी जन्मात मिळत नाही. सुमेध आणि सावली दोघं बाहेर जन्मलेले, म्हणून त्यांना मिळाली. आमच्या ओळीतल्या अशाच एका पोराने मला विचारलं होतं, "आजी, वारा म्हणजे खूप मोठा पंखा का?" मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते त्याला?

पुढच्या तपासणीत सावलीचं पोट कळलं असतं. त्याआधी तिची पाइपलाइनवर आठवडाभराची लांबची पाळी होती. तिथं ज्याचा त्याचा टप्पा वेगळा, म्हणून आठवडाभर तिची कुणी चौकशी करणार नव्हतं, तेवढ्यात ती धुरापर्यंत पोचली असती. जामीन मीच. मध्ये काय तो एक कान.

"तुम्ही काय बोलणार, आई?" तिने विचारलं.

"माझं मी बघते. उभा जन्म थापा मारण्यात गेला माझा. तुझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मला त्यांचं गाणं आवडतं."

"आणि मी आले नाही की? तुम्हाला पंपांवर नेतील."

"नेऊ देत. हे गुडघे घेऊन मला तितकं खाली उतरवायचं म्हणजे त्यांचाच घाम निघेल."

ती हसली नाही. "मी नाही जात," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"नको जाऊस. रहा इथं. पोराला पंख्याला वारा म्हणायला शिकवू आपण दोघी."

मग ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर मीच म्हणाले असते, राहू दे, नको जाऊस. मला या पोरीचा फार लळा होता आणि तिच्या पोटातलं ते एवढंसं माझ्या सुमेधचं शेवटचं होतं. ते मी बाहेर धाडून देणार होते आणि त्याचं तोंडही बघणार नव्हते. आतून नुसती आग आग होत होती, म्हणून मी तिच्यावर खेकसत होते.

तेवढ्यात शेजारची निकिता आली. आमची जुनी मैत्रीण, एकाच गाडीतून इथं आलेलो. तिला त्या दिवशी पूर्वेच्या बाजूला हलवत होते. पूर्वेची माणसं पश्चिमेला येत नाहीत, मध्ये भिंत आहे. हे तिलाही माहीत, मलाही माहीत. तिने माझी परात परत दिली, सावलीच्या डोक्यावरून हात फिरवला, उंबऱ्यावर जरा थांबली आणि म्हणाली, "येते हं, प्रणाली."

"ये," मी म्हणाले.

ती गेली. मी परात हातात घेऊन तशीच उभी. मग सावलीकडे वळले.

"ऐकलंस?"

"काय?"

"निकिता काय म्हणाली ते."

"येते म्हणाल्या." सावलीने नाक पुसलं. "म्हणजे, जाते कसं म्हणणार? जाते म्हणू नये ना."

"आवाज हलला तिचा?"

"नाही."

"गिळलं तिने?"

सावलीने नकारार्थी मान हलवली.

"खोटं बोलली का ती, सांग. या जन्मात ती इथं पाय ठेवणार नाही. पण खोटं बोलली का?"

"नाही हो. ते काय खोटं असतं? ते म्हणतातच ना तसं." तिच्या लक्षात यायला लागलं. "सुमेधसुद्धा..."

"सुमेधसुद्धा तेच म्हणाला. माझा लेक खोटं बोलला नाही." मी परात खाली ठेवली. "तू ते मेलं 'परत' आणि 'येणार आहे' सोड. ती घोकंपट्टी आहे. घरातून निघताना जे म्हणतेस ते म्हण. तुला लहानपणापासून ज्याची सवय आहे ते."

आम्ही पुन्हा त्या नादाला लागलो नाही. तालीम केली असती तर तेही बिघडलं असतं.

लांबच्या पाळीच्या दिवशी पहाटे नाक्यावर गेलो. नाक्याचा शिपाई विक्रांत खंडागळे, सुमेधच्या वर्गातला. लहानपणी माझ्या हातचे लाडू खाल्लेला. पण नाक्यावर तो कुणाचा नाही, आणि मी त्याला त्याबद्दल नावं ठेवत नाही. त्याचीही माणसं छपराखालीच आहेत.

"काकू, तुम्ही या पिवळ्या रेघेच्या अलीकडे," तो म्हणाला. "तिला काय बोलायचं ते सुचवायचं नाही. बाकी तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे रे बाबा."

जाळीतून बाईचा आवाज आला, गोड आणि पुस्तकी, "आपण परत येणार आहात का? कृपया स्वतःच्या शब्दांत सांगावे."

सावली जाळीसमोर उभी राहिली. मला तिची पाठ आणि दोन्ही कान दिसत होते. कान लाल व्हायला लागले. ती काही बोलेना. आवंढा गिळला, तो मी रेघेच्या अलीकडून ऐकला. त्या भिंतीसमोर, त्या दिव्याखाली, घरातून निघतानाचं बोलणं आठवणार तरी कसं? आवाजाने पुन्हा विचारलं. विक्रांत म्हणाला, "वहिनी, बोला. तिसऱ्यांदा विचारत नाही ती."

सुचवायचं नव्हतं. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. सुमेध शाळेत जायचा तेव्हापासून रोज दारात उभी राहून जे ओरडत आले तेच ओरडले.

"डबा घेतलास का गं?"

तिने मान न वळवता उत्तर दिलं, "घेतला."

"पाण्याची बाटली?"

"घेतली हो."

"डोक्याला फडकं गुंडाळ. कालच्यासारखं उघड्या डोक्याने फिरू नकोस."

"बरं. येते, आई."

दिवा हिरवा झाला.

विक्रांतने माझ्याकडे बघितलं. डब्याबद्दल विचारू नये असा काही नियम नव्हता. त्याने मला हाताने पुढे बोलावलं.

आता माझी पाळी होती. आवाजाने विचारलं, "जाणारी व्यक्ती परत येणार आहे का?" मी उत्तर ठरवून आले होते, चांगलं गुळगुळीत, थापाड्या बाईला शोभेल असं. ते विसरले. सावली बाजूला उभी होती, खांद्याला पिशवी, डोक्याला फडकं गुंडाळत होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"न येऊन जाईल कुठं?" मी म्हणाले. "मी आहे इथं."

दिवा हिरवा झाला. दार उघडलं, बाहेरची हवा आत आली. तिला ओल्या मातीचा वास होता. मग दार लागलं.

घरी येताना मी स्वतःवरच खूश होते. कुणाला सांगता येत नव्हतं, नाहीतर ओळीतून वाजतगाजत गेले असते. सरकारने कोट्यवधी घातले त्या कानात आणि प्रणालीबाईंनी त्याला एका वाक्यात गुंडाळलं. रडू आलं ते नंतर, तिची चादर घडी करताना, आणि मग ते बराच वेळ थांबलं नाही.

आठवडा संपला. भोंगा झाला. पाळीवरची माणसं आली, त्यांत ती नव्हती. दुसऱ्या दिवशी मला नाक्यावर बोलावलं. मी तयारच होते. गरम शाल घेतली होती, खाली पंपांपाशी ओल असते म्हणतात.

विक्रांत होता आणि वरच्या मजल्यावरचे एक साहेब होते. साहेबांनी दोघींचं बोलणं पुन्हा वाजवून ऐकलं. डबा, बाटली, फडकं, येते आई, न येऊन जाईल कुठं. दोन्ही ठिकाणी हिरवा. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

"साहेब, कान चुकला असेल का?" विक्रांतने हळूच विचारलं.

साहेब त्याच्यावर डाफरले. "कान चुकतो असं म्हणायचंय तुला? मग ज्यांना लाल दिव्यावर खाली पाठवलं त्यांचं काय? त्यांच्या घरच्यांना जाऊन तू सांगणार आहेस का?"

विक्रांत मागे सरकला.

"कान चुकत नाही," साहेब माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, जणू मीच तसं काही बोलले होते. "तुमची सून येणार आहे. तुम्हीही तसंच सांगितलं आहे, आणि ते खरं आहे. म्हणजे ती येणार आहे. फक्त तिची पाळी लांबली आहे."

आता बाई, हे मला साहेबांच्या आधीपासून माहीत होतं. इतक्या भीतीतही मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी पदर तोंडाला लावला. साहेबांना वाटलं मी रडतेय. ते जरा मऊ झाले.

"घरी जा. मात्र जामीनकी दरवर्षी ताजी करावी लागेल. वर्षाला एकदा इथं यायचं, कान विचारेल, तुम्ही सांगायचं. हिरवा आहे तोवर ती येणारच आहे, मग शोध कशाला घ्यायचा? लाल झाला तर मात्र ती पळाली असा अर्थ होईल. मग शोधाच्या गाड्या निघतील. डोंगरापर्यंत जातात त्या."

ठीक आहे, मी मनात म्हटलं. एकदा फसवला, दरवर्षी फसवीन. काय मोठंसं.

शाल बगलेत मारून घरी आले. हात धुवायला मोरीपाशी गेले आणि थांबले. दोन माठ होते, एक माझा आणि एक सावलीचा, आणि दोन्ही काठोकाठ भरलेले होते. पाणी एका माणसाचंच यायचं आता. माझा माठ भरून उरलेलं, अंघोळीला काटकसर करून वाचवलेलं, मी रोज तिच्या माठात ओतत होते. रोज शिळं काढत होते, ताजं भरत होते. आठवडाभर. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाही कळलं नव्हतं.

मी खाली बसले. तेव्हा कुठे लक्षात आलं की नाक्यावर मी थाप मारलीच नव्हती. मी तिची वाट बघत होते. डोक्याने तिला धाडून दिलं होतं, पण ती येईल असं माझ्या आत कुठेतरी धरूनच चाललं होतं, आणि कानाने तेच ऐकलं होतं. त्याला मी फसवलं नव्हतं. त्याने मला पकडलं होतं.

आणि मग मी घाबरले. कारण वाट बघणं थांबलं की दिवा लाल होणार. आज ना उद्या माणूस थांबतंच की. सुमेधची वाटसुद्धा मी पहिले काही दिवस बघितली होती, झाकून आणलेला असतानासुद्धा. पुढे हळूहळू थांबले. हिची थांबले तर गाड्या डोंगराकडे निघतील, चुलींच्या धुराकडे.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. निकिता पूर्वेला वारली असं कळलं. साहेब बदलले. विक्रांतचे केस पांढरे झाले. उन्हाळा अजून चालू आहे. मी दर वर्षी नाक्यावर जाते. सोपं कधीच नव्हतं, पण दर वर्षी अवघड होत चाललंय. म्हणून मी वाट बघण्याची राखण करते. तिचा माठ रोज भरते. तिची चादर धुते. भाजीत मीठ जरा बेताने घालते, बाईसाहेबांना खारट चालत नाही. शेजारणींना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय. वाटू दे. मला वेडी म्हटल्याने कुणाच्या मागावर गाड्या निघत नाहीत.

यंदा जाळीसमोर उभी राहिले तेव्हा मात्र घात होता होता राहिला. आवाजाने विचारलं, जाणारी व्यक्ती परत येणार आहे का, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक पोर आलं. मुलगा की मुलगी कळलं नाही. उतारावरून पळत होतं, वाऱ्याने केस उडत होते आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं. मनात आलं, छान आहेत की ती. आता कशाला येतील इकडे?

मग भानावर आले. जाळी समोर, दिवा वर, आणि माझ्या आत वाट बघणारं कुणी सापडेना. आवाजाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा ती विचारत नाही.

मी जाळी धरली आणि त्या सकाळी भरलेला माठ आठवला. पाण्यावर झाकलेली ताटली, त्यावर पालथा घातलेला तिचा पेला. हा कुणासाठी पालथा घातला मी? कुणीतरी येऊन उचलणार म्हणूनच ना?

"येईल," मी म्हणाले. "पाणी भरून ठेवलंय तिचं."

दिवा बराच वेळ लागलाच नाही. विक्रांत खुर्चीतून अर्धा उठला. मग हिरवा झाला.

त्याने माझा हात धरून मला रेघेच्या अलीकडे आणलं. "काकू," तो अगदी हळू म्हणाला, "खरंच येईल का हो ती?"

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं. मी जाळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"येते रे, विक्रांत," मी म्हणाले.

तो समजला. "या, काकू," म्हणाला.

घरी आले. तिचा माठ रिकामा केला, आतून घासला, विसळला, ताजं पाणी भरलं, ताटली ठेवली, पेला पालथा घातला. मग दार लावून घेतलं आणि माठावर हात ठेवून रोज म्हणते तेच म्हणाले, अगदी हळू, नाक्यापर्यंत ऐकू जाऊ नये इतकं.

"येऊ नकोस गं बाई."